जमीन गावाची, जंगल गावाचं: मेक्सिकोतलं एक डोंगरगाव कसं चालतं

कापुलाल्पाम दे मेंदेस या गावात बाहेरच्या माणसाला कितीही पैसे मोजून जमीन मिळत नाही. गावातल्या माणसालाही आपलं शेत बाहेर विकता येत नाही, कारण कागदोपत्री ते त्याचं नसतंच. तो ते कसतो, त्यात पिकलेलं खातो, पुढे मुलांच्या हाती देतो. मालकी मात्र अख्ख्या गावाची. भोवतालचं पाइन आणि ओकचं जंगलही तसंच गावाचं आहे. ते ना वनखात्याचं, ना कुठल्या कंपनीचं.

गाव मेक्सिकोच्या दक्षिणेला, वाहाका राज्यातल्या सिएरा हुआरेस या डोंगररांगेत आहे. उंची दोन हजार मीटरच्या आसपास, वस्ती जेमतेम दीड हजाराची. लोक सापोतेक, म्हणजे स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासून इथे राहणारे. गावातलं रोजचं बोलणं आता बहुतेक स्पॅनिशमध्येच चालतं, सापोतेक भाषा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहे. पण जमीन, जंगल आणि गावकारभार यांच्याबाबतीत हे गाव आपल्या जुन्या रीतीवर ठाम आहे.

सामाईक मालकी म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, म्हणजे त्याची वाट लागणारच. कापुलाल्पाममध्ये वाट लागली नाही. का लागली नाही, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. थोडक्यात सांगायचं तर तिथे आधी सेवा आणि मग हक्क. ही सेवा फुकट असते, सक्तीची असते आणि आयुष्यातली बरीच वर्षं खाते.

आधी डोंगर बघू

वाहाका शहर साधारण १,५५० मीटर उंचीवरच्या एका रुंद, कोरड्या दरीत वसलं आहे. तिथून उत्तरेला निघालेला रस्ता घाट चढतो, थंड हवेच्या खिंडीतून पलीकडे उतरतो, रिओ ग्रांदे नदी ओलांडतो आणि पुन्हा वर चढून गेलाताओ आणि इश्तलान या गावांपाशी येतो. कापुलाल्पामचा फाटा तिथेच आहे. शहरापासूनचं अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास, पण सगळी वळणं. सपाट जागा औषधालाही सापडत नाही.

पाऊस मेक्सिकोच्या आखाताकडून येतो. ओले ढग रांगेच्या ईशान्य उताराला धडकतात आणि तिथेच रिकामे होतात. त्यामुळे त्या बाजूला बारमाही धुकं, झाडांच्या खोडांवर शेवाळ, फांद्यांवर ऑर्किड आणि नेच्यांची गर्दी. अलीकडची बाजू पावसाच्या आडोशाला पडते, म्हणून कोरडी. शेजारच्या सांतिआगो कोमाल्तेपेक गावाची हद्द इतकी वरखाली पसरली आहे की, माथ्यावरच्या पाइनपासून ढगांतल्या जंगलापर्यंत आणि तिथून खालच्या उष्ण रानापर्यंत सगळं एकाच गावाच्या मालकीत येतं. कापुलाल्पाम मधल्या, पाइन-ओकच्या पट्ट्यात आहे. इथे मका होतो, घेवडा होतो, थंडीत पीच आणि सफरचंदाची झाडं तग धरतात. कॉफीला मात्र आणखी खालची, उबदार आणि ओली हवा लागते, म्हणून कॉफीवर जगणारी गावं उताराच्या पलीकडे आहेत.

गावातली घरं मातीच्या कच्च्या विटांची आणि कौलारू, मधूनमधून पिवळसर दगडाचं काम. मधोमध संत मातेओचं जुनं चर्च. २१ सप्टेंबरला त्याचा उत्सव असतो आणि त्या दिवशी गावचा बँड वाजतो. या डोंगरांत पितळी वाद्यांचा बँड नसलेलं गाव शोधावंच लागेल.

मालकी गावाची कशी राहिली

मेक्सिकोत गावाच्या सामाईक जमिनीचे दोन प्रकार आहेत. पहिला एहिदो. १९१० च्या क्रांतीनंतर मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून भूमिहीनांच्या गटांना दिल्या गेल्या, तो एहिदो. दुसरा प्रकार कोमुनिदाद. मूळनिवासी गावांकडे पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या जमिनीला राज्याने मान्यता दिली, ती कोमुनिदाद. दोन्हींचा पाया १९१७ च्या राज्यघटनेतलं कलम २७. देशाच्या भूभागाचा जवळपास निम्मा हिस्सा आजही या दोन प्रकारांत मोडतो. कापुलाल्पाम दुसऱ्या प्रकारात येतं.

आपल्याला यातली जवळची गोष्ट म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था. इमारतीखालची जमीन संस्थेची असते आणि आपल्याकडे असतं ते सभासदत्व. कोमुनिदादचा सभासद म्हणजे कोमुनेरो. कोणता तुकडा कुणी कसायचा, घर कुठे बांधायचं, कुठल्या रानातून सरपण आणायचं, हे कोमुनेरोंच्या सभेत ठरतं. फरक एवढाच की इथलं सभासदत्व पैशाने मिळत नाही.

इतिहासातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. कापुलाल्पामपासून जवळच असलेल्या गेलाताओत २१ मार्च १८०६ रोजी बेनितो हुआरेस जन्मले. सापोतेक घरातला हा मुलगा पुढे मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झाला. डोंगररांगेला त्यांचंच नाव आहे. कापुलाल्पामच्या नावातलं ‘मेंदेस’ हेही त्या काळातल्या मिगेल मेंदेस या स्थानिक उदारमतवादी विचारवंताचं. या उदारमतवाद्यांना चर्चची ताकद मोडायची होती आणि देशात खाजगी मालकी रुजवायची होती. १८५६ च्या लेर्दो कायद्याने चर्चच्या आणि गावांच्या सामाईक जमिनी वाटून विकण्याचा मार्ग खुला केला. देशाच्या अनेक भागांत त्यातून मोठाल्या जमीनदाऱ्या उभ्या राहिल्या. हुआरेस यांच्या स्वतःच्या डोंगरात मात्र जमिनी गावांकडेच राहिल्या. माझ्या मते त्याचं मोठं कारण भूगोल आहे. इतक्या तिरक्या, तुकड्यातुकड्यांच्या जमिनीवर ऊस किंवा नीळ लावून कुणी गब्बर होणार नव्हता. शहरातल्या पैशाला इथे रस नव्हता, आणि गावांनी आपले जुने कागद जपून ठेवले होते.

१९९२ मध्ये कलम २७ बदललं. एहिदोतल्या शेतांचं खाजगी मालकीत रूपांतर करायची वाट मोकळी झाली. जंगलाला मात्र तेव्हाच्या कायद्यानेही हात लावला नाही. सामाईक जंगलाचे तुकडे पाडून ते वाटता येत नाहीत.

जंगल परत मिळवलं ते असं

कागदावर जंगल गावांचं असलं तरी १९५६ ते १९८१ या २५ वर्षांत ते त्यांच्या हातात नव्हतं. सरकारने सिएरा हुआरेस आणि दक्षिणेकडच्या डोंगरांतलं मिळून अडीच लाख हेक्टरच्या आसपास जंगल तुस्तेपेकच्या कागद कारखान्याला सवलतीने दिलं. जमीन गावाची, पण लाकूड घ्यायचा हक्क फक्त कारखान्याचा. गावाला दुसऱ्या कुणालाही लाकूड विकायची मुभा नव्हती. कारखाना झाडामागे ठरावीक रक्कम द्यायचा, तीही थेट गावाच्या हाती न येता सरकारी निधीत जमा व्हायची. तो पैसा सोडवायला अर्ज, मंजुऱ्या आणि हेलपाटे. गावकऱ्यांच्या वाट्याला उरायची ती मजुरी: झाड पाडा, ओंडके ओढा, ट्रक भरा.

नुकसान जंगलाचंही झालं. सरळ, उंच, निरोगी झाडं आधी गेली आणि वाकडी, किडकी मागे राहिली. पुढच्या पिढीचं बी पडलं ते या मागे राहिलेल्यांचं. वीसपंचवीस वर्षं असं चाललं की जंगल दुरून हिरवं दिसतं, पण आतून कमअस्सल होत जातं.

१९८० मध्ये सिएरा हुआरेसमधल्या गावांनी सवलत वाढवू नये म्हणून एकत्र येऊन संघटना उभी केली. गेलाताओचे मानववंशशास्त्रज्ञ आणि संगीतकार हाइमे मार्तिनेस लुना हे तिच्यातलं ठळक नाव. १९८२ च्या शेवटी सरकारने सवलत पुन्हा देण्याचा प्रयत्न केला, गावं कोर्टात गेली आणि जिंकली. १९८६ च्या नव्या वनकायद्याने अशा सवलती संपल्याच. पुढे या डोंगरातल्या जगण्याला मार्तिनेस लुना आणि मिहे समाजातले मानववंशशास्त्रज्ञ फ्लोरिबेर्तो दिआस यांनी ‘कोमुनालिदाद’ असं नाव दिलं. सामाईक जमीन, गावसभा, फुकट सेवा आणि सण या चार गोष्टी मिळून माणूस गावाचा होतो, असं ते मांडतात.

खटला जिंकला तरी जंगल चालवायचं कसं, हा प्रश्न होताच. ओंडके ओढण्याचा अनुभव होता, पण वनयोजना, मोजणी, परवाने, बाजार यांतलं फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. १९८९ मध्ये कापुलाल्पाम, शियाकुई आणि ला त्रिनिदाद ही तीन सापोतेक गावं आणि कोमाल्तेपेक हे चिनांतेक या दुसऱ्या मूळनिवासी समाजाचं गाव मिळून एक संघ झाला, त्याचं लघुनाव उझाची. त्यांनी गावातल्याच मुलामुलींना वनतंत्रज्ञ म्हणून शिकवलं. १९९६ मध्ये या चारही गावांच्या जंगलाला जबाबदार वनव्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं.

काम कसं चालतं ते जवळून पाहू. आधी हद्दीचा नकाशा. झऱ्यांच्या वरचा उतार, अतितीव्र चढ आणि ढगांतलं जुनं जंगल हे सगळं वगळायचं, तिथे कुऱ्हाड नाही. गावाजवळचं ओकचं रान सरपणाला. उरलेल्या पाइनच्या पट्ट्यात लाकूडतोड, तीही छोट्या छोट्या मोकळ्या जागा करत. यामागचं कारण पाइनच्या स्वभावात आहे. त्याच्या रोपाला भरपूर ऊन आणि उघडी माती लागते, दाट सावलीत ते वाढत नाही. एकेक उत्तम झाड निवडून काढत राहिलं, तर सावलीतले ओक वाढतात आणि पाइन हटतो. कारखान्याच्या काळात नेमकं हेच झालं होतं. म्हणून आता छोटा तुकडा मोकळा करतात आणि बियाण्यासाठी सर्वांत सरळ, सर्वांत निरोगी झाडं उभी ठेवतात. तंत्रज्ञ आधी फिरून तोडायच्या प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर हातोड्याने शिक्का मारतो. शिक्का नसलेलं झाड पाडलं तर गावसभेपुढे जाब द्यावा लागतो. तोडीनंतर फांद्यांचा कचरा उताराला आडवा रचतात, म्हणजे पावसात माती वाहून जात नाही. काही वर्षांत त्या जागेत हातभर उंचीची रोपं इतकी दाटतात की पुढे त्यांची विरळणी करावी लागते.

लाकूड गावच्या सॉ मिलमध्ये चिरलं जातं. त्याखेरीज कापुलाल्पाममध्ये खडी-वाळूचा उद्योग, लाकडी खेळण्यांची कार्यशाळा आणि जंगलातल्या केबिन्स चालवणारा पर्यटन उपक्रम आहे, सगळे गावाच्या मालकीचे. शेजारच्या इश्तलानने एक पाऊल पुढे जाऊन फर्निचरचा कारखाना काढला आणि शाळांची बाकं बनवली. नफ्याचा मोठा वाटा रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना अशा गावकामांत जातो. २००३ पासून मेक्सिको सरकार जंगल राखणाऱ्यांना पाण्याच्या सेवेबद्दल मोबदला देतं, या डोंगरातल्या अनेक गावांना त्याचाही हातभार लागतो.

फुकट राबण्याचं गणित

वाहाका राज्यात ५७० नगरपालिका आहेत. त्यातल्या चारशेहून अधिक ठिकाणी पक्षांच्या निवडणुका होत नाहीत, पदाधिकारी गावसभा निवडते. १९९५ मध्ये राज्याच्या कायद्याने या पद्धतीला मान्यता दिली. सभेत नावं सुचवली जातात, मतदान उघड होतं, हात वर करून किंवा फळ्यावर नावापुढे खूण करून. कुणी उमेदवारी करत नाही, प्रचार नाही. उलट आपलं नाव पुकारलं जाऊ नये म्हणून मनात देवाचा धावा करणारेच जास्त. कारण पद मिळालं म्हणजे वर्ष, दीड वर्ष, काही ठिकाणी तीन वर्षं बहुतेक वेळा बिनपगारी काम. तेवढा काळ शेत आणि धंदा कुटुंबाने सांभाळायचा.

या पदांना कार्गो म्हणतात आणि त्यांची शिडी असते. पहिली पायरी तोपिल. अठराएक वर्षांचा पोरगा रात्री गस्त घालतो, निरोप पोचवतो, सभेची दवंडी देतो, दारू पिऊन धिंगाणा करणाऱ्याला कोठडीत नेतो. मग चर्चची, शाळेच्या समितीची, पाणीपुरवठ्याची, जंगल राखणाऱ्या मंडळाची कामं. वरच्या पायऱ्यांवर गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणारं मंडळ आणि शेवटी नगराध्यक्ष. दोन कार्गोंच्या मधे काही वर्षं विसावा मिळतो. सगळ्या पायऱ्या चढून गेलेली माणसं कापुलाल्पाममध्ये ‘काराक्तेरिसादोस’ या ज्येष्ठांच्या मंडळात बसतात आणि अवघड प्रश्नांत त्यांचा सल्ला घेतला जातो.

याच्या जोडीला तेकियो. रस्त्यावर दरड आली, पाण्याची टाकी साफ करायची, वणवा विझवायचा, जंगलात रोपं लावायची, की घंटा होते आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन येतो. न आल्यास दंड, किंवा आपल्या जागी मजूर पाठवायचा. वाहाकाच्या राज्यघटनेतही तेकियोचा उल्लेख आहे. वर्षानुवर्षं तेकियो आणि कार्गो चुकवणाऱ्याचा सभेतला आवाज जातो आणि टोकाला गेलं तर जमिनीवरचा हक्कही.

सरकारी हिशेबात गरीब दिसणारं हे गाव इतकं नेटकं कसं, याचं उत्तर या फुकटच्या श्रमात आहे. त्याची किंमत बाजारभावाने मांडली तर गावाला ती परवडणार नाही. पण ही किंमत सगळ्यांवर सारखी पडत नाही. नवरा कार्गोवर असताना घर, शेत आणि सणाचा स्वयंपाक बाईवर येतो. तिच्या कष्टाची कार्गोच्या हिशेबात नोंद नसते. अनेक गावांत कोमुनेरोंच्या यादीत पुरुषांचीच नावं असायची. २००७ मध्ये वाहाकाच्याच दक्षिण डोंगरातल्या सांता मारिया किएगोलानी गावात एउफ्रोसिना क्रुस या सापोतेक स्त्रीला ती स्त्री आहे म्हणून नगराध्यक्षपद नाकारलं गेलं. तिने लढा दिला आणि पुढे ती राज्याच्या विधिमंडळाची अध्यक्ष झाली. त्यानंतर कायदे बदलले, गावसभांत स्त्रिया वाढल्या, अजूनही सगळीकडे सारख्या नाहीत. गावाची रीत म्हणून हा अन्याय झाकायचं कारण नाही. रीत बदलायचा अधिकार सभेलाच आहे आणि तिने तो वापरायला हवा.

मिल्पा

लाकडाने पगार निघतो, पोट भरतं मक्याने. मक्याच्या शेताला मिल्पा म्हणतात आणि त्यात नुसता मका कधीच नसतो. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, खाली भोपळ्याची पानं पसरून ओल धरतात आणि तण दाबतात. मधेमधे उगवणाऱ्या रानभाज्या पोरीबाळी खुडून आणतात. मका याच देशात माणसाने घडवला, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, तेओसिंते नावाच्या गवतापासून. वाहाकाच्या दरीतल्या गिला नाकित्स गुहेत सहा हजार वर्षांहून जुनी कणसं सापडली आहेत. मेक्सिकोत मक्याचे साठएक देशी वाण मोजले जातात, त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या वाहाकात मिळतात. दर उताराचं, दर उंचीचं बी वेगळं, आणि ते घरातल्या धुराड्यावर टांगून जपलेलं.

मका तसाच दळून खात नाहीत. संध्याकाळी दाणे पाण्यात टाकायचे, वर मूठभर चुना, मंद आचेवर शिजवून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी पाणी पिवळं झालेलं असतं आणि दाण्याचं साल बोटाने चोळलं तरी सुटतं. दोनतीन पाण्यांनी धुऊन दळायचं, आता गिरणीत, पूर्वी पाट्यावर. त्या ओल्या पिठाची तोर्तिया थापून खापरावर भाजायची. चुन्यामुळे मक्यातलं बी-३ जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं आणि कॅल्शियमची भर पडते. युरोपने मका नेला पण ही कृती नेली नाही, आणि मक्यावरच जगणारे तिथले गरीब शेतकरी हे जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या पेलाग्रा या रोगाने हजारोंनी मेले.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत गेलेल्या माणसांसाठी घरोघर वेदी मांडतात, तेव्हा तिच्यावर नव्या मक्यासोबत केशरी झेंडूचे ढीग असतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा याच मातीतला.

२००१ मध्ये याच डोंगरातल्या मक्यावरून जगभर वाद पेटला. उझाचीच्या प्रयोगशाळेला मदत करणारे इग्नासिओ चापेला आणि डेव्हिड क्विस्ट या अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या देशी मक्यात जनुक-बदल केलेल्या मक्याचे अंश सापडल्याचं ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. मेक्सिकोत तर १९९८ पासून असा मका पेरायला बंदी होती. संशय गेला तो अमेरिकेतून आयात होऊन गावातल्या सरकारी दुकानांत विकल्या जाणाऱ्या मक्यावर. खायला आणलेले दाणे कुणी तरी पेरून पाहिले असतील, मक्याचे पराग वाऱ्यावर जातात, बाकी आपोआप. २००२ मध्ये ‘नेचर’ने त्या लेखाचा पुरावा पुरेसा नसल्याचं जाहीर केलं. २००९ च्या आणखी एका अभ्यासात मात्र याच डोंगरातल्या नमुन्यांत ते अंश पुन्हा आढळले. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने अशा मक्याच्या लागवडीवरची बंदी थेट राज्यघटनेत घातली.

पायाखालचं सोनं

कलम २७ ने गावाला जमीन दिली, पण जमिनीच्या पोटातलं सगळं राष्ट्राच्या नावावर ठेवलं. सोनं, चांदी कुणी काढायचं हे केंद्र सरकार ठरवतं. कापुलाल्पामच्या वेशीला लागून नातिविदाद नावाचं चिमुकलं खाणगाव आहे. तिथे अठराव्या शतकापासून सोनं-चांदी काढली गेली. कापुलाल्पामच्या कित्येक घरांतली माणसं त्या खाणीत उतरली आहेत, त्यामुळे खाणीचा पैसाही त्यांना ठाऊक आहे आणि खाणकामगाराचा खोकलाही.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या कंपन्यांना परवाने मिळाले आणि खोदाई कापुलाल्पामच्या खालपर्यंत जाणार हे दिसू लागलं. बोगद्यांमुळे आपले १३ झरे आटले, असं गावाचं म्हणणं आहे. डोंगराच्या आत पाणी खडकांच्या भेगांतून वाहतं, बोगदा ती भेग कापतो आणि पाणी झऱ्याऐवजी बोगद्यात येतं. गावसभेने खाणीला नकार दिला. रस्ता अडवला गेला, तक्रारी झाल्या, २०१५ मध्ये गाव कोर्टात गेलं. मूळनिवासींना विचारल्याशिवाय त्यांच्या भूमीबद्दल निर्णय घेता येत नाही, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं १६९ वं कन्व्हेन्शन मेक्सिकोने १९९० मध्येच मान्य केलं होतं. २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला.

२००७ मध्ये सरकारने कापुलाल्पामला ‘पुएब्लो माहिको’ म्हणजे पर्यटनासाठी निवडलेलं सुंदर गाव हा दर्जा दिला होता. खाणीला नकार देताना या पर्यटनाचा आधार झाला. औषधी वनस्पतींचं उपचारकेंद्र, तेमास्काल हे मातीच्या घुमटातलं वाफस्नान, जंगलातल्या वाटा यांसाठी शहरातून लोक येतात. पण गावाचं पोट पर्यटनावर नाही आणि ते तसं नसावं असंच मला वाटतं. बाजार पडला तरी मिल्पा आणि सॉ मिल चालू राहते.

गावाबाहेरचं गाव

या डोंगरातली माणसं अमेरिकेत जाऊ लागली ती १९४२ ते १९६४ च्या ‘ब्रासेरो’ करारात, शेतमजूर म्हणून. मग १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला, भाव कोसळले आणि खालच्या उतारावरची कॉफीची गावं रिकामी होऊ लागली. १९९४ च्या मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेचा स्वस्त मका आला. आज लॉस एंजेलिसमध्ये काही डोंगरगावांची इतकी माणसं आहेत की तिथेही त्यांचे बँड वाजतात आणि गावच्या संताचा उत्सव होतो.

फोनचं उदाहरण घ्या. याच रांगेतल्या तालेआ दे कास्त्रो गावात मोठ्या कंपन्या मोबाइलची सेवा द्यायला तयार नव्हत्या, त्यांना ग्राहक कमी वाटत होते. २०१३ मध्ये गावसभेने ठराव करून एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभं केलं. परदेशातल्या मुलाशी बोलायचा खर्च एकदम उतरला. २०१६ मध्ये अशा गावांच्या संघटनेला रीतसर परवानाही मिळाला.

पण लॉस एंजेलिसमध्ये हॉटेलात भांडी घासणाऱ्या माणसाचं नाव गावसभेत पुकारलं गेलं, तर? पूर्वी उत्तर एकच होतं: परत ये, नाहीतर हक्क सोड. परत यायचं म्हणजे कागदपत्रं नसलेल्याला सीमा पुन्हा ओलांडायचा धोका. आता बरीच गावं वर्गणी घेतात किंवा बदली माणूस ठेवू देतात. त्यावर गावात राहणाऱ्यांची तक्रार अशी की पैसेवाला सेवा विकत घेतो आणि राबतो मात्र दुसराच. काही ठिकाणी माणसंच पुरेनाशी झाल्याने दोन पदं एकाकडे देतात, विसाव्याची वर्षं कमी करतात, बायकांना कार्गो देतात.

२००५ मध्ये इश्तलानमध्ये सिएरा हुआरेस विद्यापीठ सुरू झालं. तिथे वनशास्त्राची पदवी मिळते, म्हणजे तंत्रज्ञ व्हायला आता डोंगर सोडायची गरज नाही. पदवी घेतलेल्या मुलाने किंवा मुलीने तरीही तोपिलपासूनच सुरुवात करायची, की शिक्षणाची वर्षं सेवेत धरून दोन पायऱ्या गाळायच्या, यावर गावसभा तासन्‌तास भांडतात. काही गावांनी सवलत दिली आहे, काहींनी दिलेली नाही.